परमुलखात पाळलेलं सुतक

संस्थेच्या लोकांनी आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली होती: पहिलं वर्ष फार काम करायचं नाही, मिसळायचं. आता मला सांगा, मिसळणं हे काय ठरवून करायचं काम आहे? बुऱ्हाणपूरच्या शाळेत मी गणित शिकवायचे. वर्गात गेलं, हातात खडू घेतला की सुरू. मिसळायचं कसं ते कोणी शिकवलं नव्हतं, आणि माझा स्वभाव असा तिरसट की ज्या गल्लीत जन्म काढला तिथल्या निम्म्या बायका मला अजून 'मॅडम' म्हणतात. आणि मी निघाले होते कुठे, तर युगांडात. तेही शहरात नाही. डोंगरउतारावरच्या एका केळीच्या गावात, तिथल्या शाळेत गणित शिकवायला, तीन वर्षांसाठी, स्वयंसेवक म्हणून.

लग्न केलं नव्हतं. घरात आई आणि मी. धाकटा भाऊ जवळच्या फोपनार गावी, आमच्या केळीच्या शेतीवर, त्याची बायको तिथेच. लोक म्हणाले, या वयात हे काय भलतंच खूळ? भाऊ तर तोंडावर म्हणाला, "अक्का, इथली पोरं काय कमी पडली का तुले?" आई मात्र सुपारी कातरत म्हणाली, "जाय. मले काय वाघ खाऊन राहिला का इथं?" निघताना तिने तिचं एक जुनं सुती पातळ माझ्या पेटीत कोंबलं. धुऊन धुऊन विरलेलं, तिच्या कपाटाचा वास असलेलं. म्हणाली, परक्या गादीवर तशीच झोपू नको, हे अंथरत जाय. मी चिडले, म्हटलं वजन होतं गं. तरी नेलं.

गाव पाहिलं आणि पहिल्याच दिवशी मला हसू आलं. विमानातून इतक्या लांब जायचं आणि उतरायचं पुन्हा केळीच्या बागेत! पण फोपनारची बाग म्हणजे दोरी लावून आखलेली, ओळीत उभी. इथे केळी वाटेल तशा, घराच्या चारी बाजूंनी, मध्ये कॉफीची झाडं, खाली घेवडा. आणि केळं पिकू द्यायचंच नाही. हिरवं सोलायचं, पानात गुंडाळून वाफवायचं, कुस्करायचं, रोज दोन्ही वेळा तेच. मी केळीवाल्यांची लेक, पण केळ्याचा असा पिवळा गोळा ताटात पाहून पहिला महिना घास घशाखाली उतरेना.

मला एक पत्र्याचं दोन खोल्यांचं घर दिलं होतं. पाणी खालच्या झऱ्यावरून पिवळ्या कॅनमध्ये आणायचं. मी कॅन घेऊन निघाले की पोरं दोन्ही बाजूंनी ओरडायची, "मुयिंदी! मुयिंदी!" म्हणजे इंडियावाली. रोज, न चुकता, जशी काही मी आजच उगवले. शाळा दुपारी सुटायची. मग संध्याकाळ. त्या संध्याकाळचं काय सांगू? रस्त्यावर भेटेल तो थांबून विचारायचा, कशी आहेस, घर कसं आहे, काम कसं झालं. बायका तर गुडघे टेकून विचारायच्या. मी पाठ केलेली उत्तरं द्यायचे, आणि उत्तरं संपली की माणूस निघून जायचा. त्यापुढचं बोलायला माझ्याकडे त्यांची भाषा नव्हती. रात्री पत्रा थंड होताना टकटक वाजायचा आणि बाकी सगळं चिडीचूप. बुऱ्हाणपुरात आमच्या घराच्या भिंतीपलीकडे पावरलूम, जन्मापासून खटखट ऐकत झोपलेली मी. त्या शांततेत माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. मी फार एकटी होते, हे सरळ सांगते.

शेजारी एक म्हातारी राहायची. तिला सगळं गाव 'जज्जा' म्हणायचं, म्हणजे आजी. नवरा कधीच वारलेला, मुलं शहरात. तोंडात पाइप, डोक्याला फडकं, आणि जीभ अशी की कोणाला सोडायची नाही. पहिल्यांदा ती माझ्याकडे आली ती भांडायलाच. तिच्या बागेत एकेका खोडाभोवती पिलांचा, म्हणजे बुडातून फुटलेल्या कोंबांचा, नुसता गराडा होता. आमच्याकडे खोडाशेजारी एकच पील ठेवतात, बाकीची छाटून टाकतात, नाहीतर घड भरत नाही. मला राहवेना. एका संध्याकाळी मी विळा घेऊन दोन पिलं छाटली. बास! म्हातारी कंबरेवर हात ठेवून इतकं बोलली, इतकं बोलली! मला एक अक्षर कळलं नाही. मीही मग मराठीत सुरू झाले. दोघीही मनसोक्त भांडलो. दुसऱ्या दिवशी तिने केळीच्या पानात उकडलेला घेवडा आणून दिला आणि माझ्या चुलीवरची पोळी उचलून, उजेडात धरून, तिच्यातून आरपार दिसतं का ते पाहिलं. त्यांच्याकडे चपाती करतात ती चांगली जाडजूड, तेलात भिजलेली. माझी पोळी तिला कागद वाटली. तिथून ती मला आवडायला लागली.

त्या गावात मयत झाली की सगळं थांबायचं. आमच्या गल्लीतही कोणी गेलं की प्रेतयात्रा निघेपर्यंत पावरलूम बंद ठेवतात. खटखट एकदम थांबली की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण गेलं गं?" पण इथे त्याहून कडक. माणूस पुरला जाईपर्यंत कोणी शेतात कुदळ मारायची नाही. ज्याच्या घरी मयत त्याच्या अंगणात लाकडं पेटवायची, आणि जो येईल त्याने हातात एक तरी लाकूड घेऊन यायचं. बायका आत चटईवर, बाप्ये बाहेर विस्तवाभोवती. बोलायचं फारसं काही नाही. "किटालो," एवढंच म्हणायचं, म्हणजे फार वाईट झालं, आणि बसून राहायचं. एक दिवस, दोन दिवस, लेक शहरातून येईपर्यंत. पुरलं की मगच उठायचं.

मी सगळ्या मयतांना जायचे, मिसळायचं होतं ना! पण परत आल्यावर दाराबाहेर कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यायचे. मयतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल कसं टाकायचं? शाळेत माझ्याबरोबर एक तरुण मास्तरीण होती, तिला बऱ्यापैकी इंग्रजी यायचं. ती म्हणाली, जज्जा विचारते, आमच्या मेलेल्यांची तुला एवढी घाण वाटते का? मी समजावलं, घाण नाही गं, आमची रीत आहे. तिला पटलं नाही. म्हातारीला तर नाहीच.

फोनची रेंज फक्त वरच्या टेकडीवर. दर रविवारी मी तिथे चढून जायचे आणि आईला फोन लावायचे. बोलणं काय, तेच ते. "जेवली का?" "काय जेवली?" "तेच का पुन्हा?" मग गल्लीतल्या बातम्या. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, तरी ती पिशवीत मेथीच्या जुडीखाली मावा जलेबी लपवून आणायची आणि हे मलाच फोनवर सांगायची, कारण मी तिथून येऊन हिसकावू शकत नव्हते. आठवडाभर मी जे मराठी बोलायचे ते सगळं त्या फोनवर.

दुसऱ्या वर्षातल्या एका रविवारी आईच्या फोनवर भाऊ बोलला. मी म्हटलं, "तू कसा रे तिथं?" तो म्हणाला, "आई गेली अक्का. काल सकाळी. तुले लय लावला फोन, लागला नाही." काल संध्याकाळीच तिला तापीच्या राजघाटावर नेलं होतं. सगळं झालं होतं. मी काहीतरी विचारत राहिले, विमानाचं, दहाव्याचं. तो थकलेला होता. म्हणाला, "आता येऊन काय करशील? तिथंच पाळ काय पाळायचं ते." मी बरं म्हटलं. टेकडीवरून खाली उतरले. वाटेत दोन बायकांनी गुडघे टेकून विचारलं, घरचे कसे आहेत, आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं, बरे आहेत.

हे खोटं मी ठरवून बोलले नाही, तोंडातून तेवढंच निघालं. मग घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि दार लावलं.

सुतक पाळायचं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. वडिलांच्या वेळी पाहिलं होतं. कोणाच्या घरी जायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, फोडणीचं खायचं नाही, जमिनीवर झोपायचं, केसाला तेल नाही. तेव्हा मला एवढंच सुचलं की आईसाठी आता माझ्या हातात फक्त हे आहे, ते तरी नीट करायचं. मी दुकानातल्या खाण्याच्या तेलाचा दिवा लावला, दक्षिणेकडे तोंड करून. शाळेत निरोप दिला की घरगुती अडचण आहे, काही दिवस येणार नाही. कोणी दार वाजवलं की आतूनच सांगायचे, आता नको, नंतर या. कोणी आत आलं, मला शिवलं, तर त्यालाही सुतक लागेल, असंच डोक्यात. त्यांना काय लागणार होतं, देव जाणे.

आणि एक गोष्ट मला तिथे, त्या पत्र्याखाली कळली. सुतक ही एकटीने पाळायची गोष्टच नाही. वडील गेले तेव्हा आम्ही बाहेर जात नव्हतो, पण बाहेरचं सगळं घरात येत होतं. आत्या, मावश्या, शेजारणी. कोणी पिठलं-भाकरी आणायचं, कोणी सतरंजीवर बसून वडिलांच्याच गोष्टी सांगायचं, मध्येच कोणाला रडू फुटायचं, की सगळ्या रडायच्या. इथे मी आणि भिंत. भात शिजवायचा, खायचा, दिव्यात तेल घालायचं. रडू तर येतच नव्हतं. लोकांना वाटेल मी उगाच सांगते, पण खरंच नाही आलं. आईचं पातळ अंथरून पालथी पडायचे, नाक खुपसायचे, तरी डोळे कोरडे. मला भीती वाटायला लागली, की आईसाठी मला रडताच येणार नाही. हे असंच आत बसून राहील, आणि मी परत जाईन तोवर तिकडचं सगळं आटोपलेलं असेल.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्या गावात दिवसाढवळ्या दार लावून कोणी बसत नाही. दार लावलं म्हणजे एक तर घरात चोरून काही चाललंय, नाहीतर तुम्ही गावावर रुसलाय. त्यांना वाटलं, मी रुसले. पोरांनी ओरडणं बंद केलं. माझ्या पायरीवर कोणीतरी केळी ठेवून जायचं आणि मी ती आत घेत नसे, म्हणून आणखी राग. म्हातारीने गावभर सांगितलं की त्या पिलांवरून ती मला फार बोलली, त्याचाच राग माझ्या मनात आहे. बिचारी स्वतःलाच दोष देत होती आणि वर मला शिव्याही देत होती.

शेवटी त्या तरुण मास्तरणीने संस्थेच्या कचेरीत फोन केला. त्यांनी माझ्या भावाला विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेचा माणूस मोटरसायकलवरून आला आणि माझ्या अंगणात उभा राहून, मोठ्याने, त्यांच्या भाषेत आणि मग इंग्रजीत म्हणाला, तुझ्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं.

म्हातारी कुंपणापाशीच होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तिच्या तोंडातला पाइप खाली आला. मग ती जी सुटली ती सरळ माझ्या दाराशी, आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. मास्तरीण मागून धावत आली, धापा टाकत इंग्रजीत सांगत होती आणि रडत होती. "ती म्हणते, आई मेली आणि तू दार लावून बसलीस? आम्ही कोण? कुत्री आहोत का आम्ही? तू आमच्या मेलेल्यांपाशी येऊन बसलीस, आणि तुझ्या आईपाशी आम्हाला बसू देत नाहीस?"

मी कडी काढली. सांगायला लागले, शिवू नका, आमच्यात असं असतं, काही दिवस. वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारीने माझा हात धरला. घट्ट, मनगटाला. मी ओढला, तिने सोडला नाही. "किटालो," म्हणाली. "किटालो, किटालो." राग तसाच होता चेहऱ्यावर. झालं, सुतक मोडलं. मला वाटलं होतं आता काहीतरी भयंकर वाटेल. मला फक्त जाणवलं की इतक्या दिवसांत कोणी आपल्याला हात लावला नव्हता.

तासाभरात माणसं यायला लागली. शेतातून तशीच, पायांना माती, आणि प्रत्येकाच्या हातात लाकूड. कोणी जाडजूड ओंडका, कोणी वाळकी काटकी. शाळेतली पोरं, जी मला मुयिंदी म्हणून ओरडायची, तीही एकेक काटकी घेऊन आली आणि गुपचूप ढिगावर ठेवून गेली. दाराची दोन्ही फळकुटं उघडून दगड लावले. भर उन्हात अंगणात लाकडं पेटवली. मला चटईवर बसवलं आणि बायका भोवती बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

म्हातारीने विचारलं, आई कशी होती? मास्तरीण मध्ये बसून सांगत होती. मी म्हटलं, भांडकुदळ होती. त्या हसल्या. मग मी सांगत गेले. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती निघून गेल्याचं सोंग करायची आणि कोपऱ्यावर थांबून वाट बघायची. पावरलूम बंद पडलं की स्वयंपाकघरातून ओरडायची, कोण गेलं. आणि मेथीच्या जुडीखाली मावा जलेबी. ती काय असते ते सांगताना पंचाईत झाली. काळी, तळलेली, पाकातली, हाताएवढी जाड. मास्तरणीने काय सांगितलं कोण जाणे, पण म्हातारी हसून हसून वाकली आणि म्हणाली, मग ती त्याच चोरीच्या गोडानं मेली का? मी म्हटलं, असेल. आणि मला रडू फुटलं. असं फुटलं की थांबेना. म्हातारी माझी पाठ थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने पाइप सावरत होती.

पण गंमत म्हणा, अडचण म्हणा, ती पुढेच झाली. संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ झाली, कोणी उठेना. मला कळेना. कॉफी पिकून झाडाला लाल झाली होती, तोडणीचे दिवस. मास्तरणीला विचारलं तर ती संकोचून म्हणाली, "पुरेपर्यंत उठता येत नाही ना. कधी पुरणार?" मी कपाळाला हात लावला. सांगितलं, आम्ही पुरत नाही, जाळतो. राखसुद्धा तापीत गेली, नदीत. हे ऐकून सगळे विचारायला लागले. म्हणजे जागाच नाही? कुठे जाऊन बसायचं मग आईजवळ? हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता.

म्हातारी उठली, गावातल्या दोन जाणत्या माणसांशी वाद घातला, बराच वेळ. मग येऊन म्हणाली, आमच्याकडे माणूस तळ्यात बुडाला, सापडला नाही, तर त्याच्या जागी केळीचं खोड पुरतात. तुझी आई नदीत गेली ना? तेच.

मी केळीवाल्यांची लेक! घड कापला की आमच्याकडे खोड तोडून आडवं टाकतात, ते तिथेच सडतं, नाहीतर ढोरांच्या पुढे टाकतात. आईच्या जागी खोड? नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण समोर ती सगळी माणसं बसलेली, आपली कामं टाकून, माझ्या आईसाठी, जिला त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी मान हलवली.

जज्जाने तिच्याच बागेतलं खोड कापलं. वर गुंडाळायला झाडाची साल कुटून केलेलं तांबूस कापड आणलं; मेलेल्याला तेच गुंडाळतात. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तिचं स्वतःचं काही आहे का? मी आत गेले. पातळ उचललं. मला ते द्यायचं नव्हतं. त्याला अजून वास होता. बाहेर सगळे थांबले होते. पुन्हा एकदा त्यात नाक खुपसलं, मग बाहेर आणलं. म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पातळाची घडी मोडली, मध्यभागी दातांनी चीर पाडली आणि टर्र करून फाडलं. अर्धं माझ्या हातात परत दिलं.

तिच्या घरामागे, केळीत, तिच्या नवऱ्याला आणि सासूला पुरलेलं होतं. तिथेच एक खड्डा खणला. आई तिथे गेली. सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली आणि मग कुदळी उचलून लोक आपापल्या कामाला लागले. मी घराशी आले तर दारात पाण्याचे भरलेले पिवळे कॅन ओळीने ठेवलेले. म्हातारी उभी होती. डोक्यावरून पाणी घेण्याची खूण करून म्हणाली, तुझी रीत ना, घे.

तीन वर्षं संपली आणि मी परतले. बुऱ्हाणपुरात सगळं जागच्या जागी होतं, पावरलूमची खटखट, कोपऱ्यावरचा भाजीवाला, फक्त घराला कुलूप. आईला जाऊन वर्ष होऊन गेलेलं. कोणी दुखवट्याला येणार नव्हतं, ते सगळं उरकलं होतं. माझं दुःख लोकांच्या लेखी शिळं झालं होतं. लोक विचारायचे, तिकडे सिंह पाहिलास का? परक्या गावात रुळायला मला दोन वर्षं लागली, आपल्या गावात त्याहून जास्त लागणार असं दिसत होतं. संध्याकाळी ताटात पोळी असायची, आणि बोलायला कोणी नाही.

भावाला मी त्या खोडाचं सांगितलं तेव्हा तो भडकला. "आपण तिले अग्नी दिला, तापीत सोडली, आणि तू तिकडं पुन्हा पुरली? केळीचं खोड करून? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिचा जीव मध्येच लटकून राहील!" भाऊ मनाने वाईट नाही, पण हिशेबी आणि कडक, काम म्हणजे काम. मीही ताडताड बोलले. म्हटलं, तू तर मला येऊही दिलं नाहीस. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलायचो ते पाऊस आणि भाव एवढंच. खोडाचा विषय पुन्हा निघाला नाही. भावजयीने एकदा हळूच विचारलं होतं, लाकडं का नेतात गं तिकडे, तेव्हा तिला सगळं सांगितलं होतं, आणि तो ओट्यावर बसून ऐकत होता की नाही, कोण जाणे.

परवा फोपनारला गेले होते. बागेत घड तयार, दुसऱ्या दिवशी कापणी, टोळी ठरलेली, गाडी सांगितलेली. दुपारी मास्तरणीचा फोन आला. जज्जा गेली. उद्या पुरणार. मी खाली बसले. ती म्हणाली, तिनेच सांगून ठेवलं होतं, मला मुयिंदीच्या आईच्या बाजूला घाला, दोघी भांडत बसू. खड्डा तिथेच खणतायत.

मी भावजयीला सांगितलं. एरवी फटकळ बाई, पण तशीच उठली. मागच्या दारी गेली आणि कवळभर पऱ्हाट्या आणून अंगणात टाकल्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या. आगपेटी आणली. मी म्हटलं, अगं, हे काय? ती म्हणाली, "अक्का, तुम्ही बसा." दोघी बसलो.

भाऊ शेतातून आला. पेटलेलं पाहिलं, आम्हा दोघींकडे पाहिलं. भावजयीने हलक्या आवाजात सांगितलं कोण गेलं ते, आणि उद्या कुठे पुरणार ते. मी मनात म्हटलं, आता हा बोलणार. तो ओट्यावर टेकला, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग खिशातून फोन काढून व्यापाऱ्याला लावला.

"शेठ, उद्या गाडी पाठवू नका. कापणी बंद आहे. गमी झाली घरात."

पलीकडून आवाज आला, कोण गेलं भाऊ?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईच्या शेजारची."